माठ वाजवून घेता, मग कपाट का नाही?

माठ आणायला बाजारात गेलो की आपण काय करतो? उचलतो, फिरवून बघतो आणि बोटानं टिचकी मारतो. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर खाली ठेवायचा. साध्या माठाला आपण एवढं पारखतो. आणि हजारो रुपयांचं कपाट घेताना? रंग आवडला म्हणतो आणि पैसे मोजून मोकळ्या होतो.

मी तेच केलं होतं. भिशीचा नंबर लागला, ते सगळे पैसे घेऊन स्वयंपाकघरासाठी कपाट आणलं. वरून गुळगुळीत, चकचकीत, अगदी लाकडासारखं. दुकानदार म्हणाला, "ताई, बिल नको असेल तर थोडं कमी करतो." मला वाटलं, फायदाच झाला. पहिला पावसाळा आला आणि मोरीजवळची खालची फळी चहात बुडवलेल्या खारीसारखी फुगली. बिजागरीचे स्क्रू हातात आले. दुकानात गेले तर उत्तर मिळालं, "हे आमच्याकडचंच कशावरून?" माझ्याकडे चिटोरंसुद्धा नव्हतं. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "अगं, माठ वाजवून घेतेस, मग कपाट का नाही वाजवलंस?"

तेव्हापासून मी एक गोष्ट शिकले. दुकानात वस्तूचा चेहरा मांडलेला असतो. आपण तिची पाठ बघायची, तळ बघायचा.

आधी कपाटाचं बोलू. वरचा चकचकीत थर म्हणजे सनमायका किंवा नुसता छापील कागद. त्याच्या आत काय आहे, ते कापलेल्या कडेला दिसतं. बिजागरीचं भोक, फळीची मागची कड, कपाटाचा तळ, अशा न झाकलेल्या जागा शोधा. पातळ पातळ थर एकावर एक दिसले तर ते प्लायवूड. भुशाचे दाणे दाबून बसवल्यासारखे दिसले तर तो पार्टिकल बोर्ड. पुठ्ठ्यासारखं एकसारखं तपकिरी दिसलं तर एमडीएफ. पार्टिकल बोर्ड स्वस्त असतो, कोरड्या खोलीत पुस्तकं-कपडे ठेवायला चालतोही. पण पाणी लागलं की तो फुगतो आणि सुकला तरी पूर्ववत होत नाही. स्क्रू एकदा ढिला झाला की पुन्हा घट्ट धरत नाही.

प्लायवूडमध्येही प्रकार आहेत. एमआर म्हणजे दमट हवा सोसणारा, बैठकीच्या खोलीसाठी ठीक. बीडब्ल्यूआर त्याहून टिकाऊ, स्वयंपाकघरात चालतो. मोरीखाली, सिंकखाली मात्र बीडब्ल्यूपी, म्हणजे ज्याला मरीन प्लाय म्हणतात, तो मागा. त्याच्या फळीवर आयएसआयचं चिन्ह आणि आयएस ७१० हा आकडा छापलेला असतो. सुताराकडून कपाट करून घेणार असाल तर फळी कापण्याआधी तो शिक्का स्वतः बघा. कापल्यावर आणि सनमायका चिकटवल्यावर सगळ्या फळ्या सारख्याच दिसतात.

लोखंडी कपाट घ्यायचं असेल तर पत्र्याचा गेज विचारा. इथे हिशेब उलटा असतो. आकडा जितका मोठा, तितका पत्रा पातळ. वीस गेजचा पत्रा बावीसपेक्षा जाड. दार उघडून वरच्या कोपऱ्याला हलकंच दाबा, दार पिळवटलं तर समजून जा. आणि सासूबाईंची टिचकी इथेही चालते! पातळ पत्रा डब्यासारखा वाजतो.

पडद्याच्या कापडाला दोनच परीक्षा. उजेडासमोर धरा, वीण किती विरळ आहे ते दिसेल. पांढरा रुमाल ओला करून कोपऱ्यावर घासा, रंग जातो का ते कळेल. माप घेताना खिडकीच्या रुंदीच्या दीडपट ते दुप्पट कापड धरा, नाहीतर चुण्या पडत नाहीत. सुती कापड शिवण्याआधी एकदा धुऊन घ्या. नंतर आटलं तर पडदा वर चढतो.

आता झाडाकडे येऊ. कपाटातली फसवणूक एका पावसाळ्यात कळते. आंब्याच्या कलमातली फसवणूक कळायला चार-पाच वर्षं जातात. तोवर आपण पाणी घातलेलं असतं, कुंपण केलेलं असतं, नातवंडांना "हापूस लावलाय" असं सांगितलेलं असतं. पैसे एकवेळ भरून येतील, वाया गेलेली वर्षं कशी येणार?

म्हणून कलम घेताना खोडावर जोड शोधा. खालचा भाग खुंटाचा, म्हणजे रायवळ आंब्याचा, आणि वरचा आपल्याला हव्या त्या जातीचा. जोड स्पष्ट दिसला पाहिजे, पूर्ण भरून आलेला पाहिजे. जोडाच्या वर जून झालेली पानं हवीत. कधी कधी वरची फांदी मरते आणि खुंटच फुटून वाढतो. दिसायला रोप हिरवंगार, पण ते कलम राहिलेलं नसतं. पिशवीचा तळ बघा. मुळांचा जाड गुंता बाहेर आला असेल तर ते रोप पिशवीत फार दिवस अडकलेलं आहे. पानं उलटी करून बघा, मावा किंवा पिठ्या ढेकूण खालच्या बाजूला लपतात. लावताना जोड मातीच्या वर ठेवा, तिथे प्लॅस्टिकची पट्टी राहिली असेल तर सोडा आणि जोडाखालून येणारी फूट काढत राहा.

पण एवढ्याशा रोपावरून जात ओळखणं आपल्याला जमत नाही. त्यामुळे दारावर आलेल्या गाडीवरून कलम घेण्यापेक्षा कृषी विद्यापीठाची, शासनाची किंवा नोंदणी असलेली रोपवाटिका गाठा आणि पावतीवर जातीचं नाव लिहून घ्या.

शेवटी पुन्हा पावतीवरच आलो बघा. बिल न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. बिल स्वतःच्या नावावर घ्या. त्यावर नुसतं "कपाट" नको, "मरीन प्लायचं कपाट" असं लिहून घ्या. वस्तू सदोष निघाली आणि दुकानदार दाद देत नसेल तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. तरीही काही झालं नाही तर आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि वकील केलाच पाहिजे असंही नाही.

मी थोडे पैसे वाचवले आणि "हे तुमच्याकडचंच" असं म्हणायचा हक्क गमावला. तुम्ही गमावू नका. दुकानदार हसला तर हसू द्या. माठवाला कधी हसतो का? त्याला ठाऊक असतं, ही बाई वाजवल्याशिवाय घेणार नाही.