पोलादासाठी कोणाचा पैसा?

1907 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत टाटांच्या कचेरीपुढे सकाळपासून रात्रीपर्यंत माणसांची रीघ लागलेली असे. पोलादाच्या कारखान्याचं स्वप्न पाहणारे जमशेदजी टाटा 1904 मध्येच वारले होते. लंडनच्या बाजारात भांडवल मागून पाहिलं, पण तिथे काही जमलं नाही. तेव्हा त्यांचे थोरले चिरंजीव दोराबजी यांनी देशातल्याच लोकांकडे पैसा मागायचं ठरवलं. स्वदेशीचे दिवस होते. अवघ्या तीन आठवड्यांत सुमारे 8,000 भारतीयांनी 2 कोटी 31 लाख 75 हजार रुपयांचं भागभांडवल उभं केलं.

आज या घटनेकडे देशप्रेमाची गोष्ट म्हणून पाहिलं जातं, आणि ती तशी आहेच. पण मला त्यातला हिशेबही तितकाच थोर वाटतो. साकचीच्या, म्हणजे पुढच्या जमशेदपूरच्या, रानात कारखाना उभा राहायला काही वर्षं लागणार हे ठाऊक होतं. पहिलं पोलाद निघालं ते फेब्रुवारी 1912 मध्ये. तोवर पोलादाची विक्री शून्य. सगळा पैसा व्याजाचा असता, तर भट्टी पेटण्याआधीच हप्ते दारात उभे राहिले असते. भागधारक थांबू शकतो, सावकार थांबत नाही. शेअरही तीन तऱ्हांचे काढले होते: 75 रुपयांचे सामान्य, 150 रुपयांचे अग्रहक्काचे आणि 30 रुपयांचे डिफर्ड, म्हणजे लाभांशात सगळ्यांत शेवटी हक्क असलेले. ज्याची जेवढी जोखीम घ्यायची तयारी, तसा त्याचा शेअर. पुढे खेळत्या भांडवलासाठी 4 लाख पौंडांचे कर्जरोखे काढले, ते सगळेच्या सगळे ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी घेतले.

पहिल्या महायुद्धात पोलादाला प्रचंड मागणी आली आणि टाटांच्या या पोलाद कंपनीने कारखाना कित्येक पटींनी वाढवायला घेतला. युद्ध संपलं, यंत्रसामग्रीचे भाव चढले, परदेशी स्वस्त पोलाद बंदरांत उतरू लागलं. 1923 च्या भूकंपाने जपान हे मोठं गिऱ्हाईकही हातचं गेलं. 1924 मध्ये जमशेदपूरहून तार आली की पगाराला पैसे नाहीत. दोराबजींनी आपली वैयक्तिक मालमत्ता, पत्नी मेहरबाईंच्या ज्युबिली हिऱ्यासह, इम्पीरियल बँकेकडे गहाण टाकून एक कोटी रुपयांचं कर्ज उभं केलं. त्याच वर्षी सरकारने कायदा करून देशी पोलादाला जकातीचं संरक्षण दिलं आणि कंपनी तरली. दोराबजींच्या त्यागापुढे मान लवतेच. तरी हे संकट आलं कशाने, हे विसरू नये: तेजीच्या भावात आखलेला विस्तार मंदीच्या भावात पुरा करावा लागला.

स्वातंत्र्यानंतरचा काळ संथ. 1956 मध्ये विस्तारासाठी जागतिक बँकेचं साडेसात कोटी डॉलरचं कर्ज मिळालं. पण विक्रीची किंमत सरकारच्या हाती, ती 1992 मध्ये मोकळी झाली.

मग आलं कोरस. कंपनीहून तिपटीपेक्षा मोठा असा अँग्लो-डच पोलाद उद्योग. ऑक्टोबर 2006 मधला पहिला भाव शेअरमागे 455 पेन्स होता. ब्राझीलच्या सीएसएन या पोलाद कंपनीशी चुरस लागली, लिलाव झाला आणि जानेवारी 2007 अखेर 608 पेन्सवर सौदा ठरला. एकूण किंमत सुमारे 6.2 अब्ज पौंड, त्यातला मोठा भाग कर्जाचा. पुढच्याच वर्षी जागतिक मंदी आली. पोलादाचा भाव दर काही वर्षांनी पडतो, हे या धंद्यात कोणाला नवीन नव्हतं. माझ्या मते चूक परदेशी जाण्यात नव्हती. चूक होती ती तेजीच्या टोकाला, लिलावाच्या भरात, उसन्या पैशावर जाण्यात. 2013 मध्ये कंपनीला या खरेदीच्या मूल्यातून मोठी रक्कम कमी करून दाखवावी लागली. 2016 मध्ये या खरेदीतून आलेला ब्रिटनमधला स्कनथॉर्पचा व्यवसाय नाममात्र एका पौंडाला गेला. 30 सप्टेंबर 2024 रोजी ब्रिटनमधल्याच पोर्ट टॅलबटची शेवटची झोतभट्टी विझली, आणि त्या गावातल्या हजारो कामगारांच्या घरांवर त्याचा घाव बसला.

2018 मध्ये दिवाळखोरीत निघालेली भूषण स्टील घेताना मात्र निवड वेगळी होती. बँकांना सुमारे 35,200 कोटी रुपये मोजावे लागले, रक्कम लहान नव्हती. पण मुख्य कारखाना ओडिशात, खाणींच्या जवळ आणि वाढत्या बाजारात होता.

मराठी घरांतही आता डीमॅट खाती आली आहेत. कंपनीने मोठी खरेदी किंवा विस्तार जाहीर केला, की बातमीतल्या आकड्याने हरखून जाऊ नका. त्यात कर्ज किती आणि त्याची फेड कधीपासून, हे वार्षिक अहवाल उघडून आधी पाहा, मगच शेअर घ्या.