चौथ्याच चालीला कडेचं प्यादं? कास्पारोवचं ए३ समजून घेऊ

मोबाईलवर पट उघडा आणि वाचता वाचता चाली लावत चला.

बुद्धिबळ शिकताना पहिलीच ताकीद मिळते: सुरुवातीला कडेची प्यादी हलवू नका, घोडे-उंट बाहेर काढा. मग १९८१ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझला, २६ वर्षांखालच्या जागतिक युवा सांघिक स्पर्धेत, १८ वर्षांच्या गॅरी कास्पारोवने चौथ्याच चालीला ए३ का खेळलं? समोर अमेरिकेचा जॉन फेडोरोविच होता.

सुरुवात अशी: १. डी४ घोडा एफ६ २. सी४ ई६ ३. घोडा एफ३ बी६. हा क्वीन्स इंडियन डिफेन्स. यात काळा मधली घरं प्याद्यांनी भरत बसत नाही, लांबून ई४ वर नजर ठेवतो. एफ६ वरचा घोडा आणि बी७ वर येणारा उंट, दोघांचा डोळा तिथेच.

पांढऱ्याला ई४ वर प्यादं न्यायचं तर सी३ वर घोडा हवा. पण तो आला की काळा उंट बी४ वर येतो आणि घोडा राजासमोर जखडतो. जखडलेला घोडा ई४ काय सांभाळणार? ४. ए३ ने बी४ चं दारच बंद होतं. माजी विश्वविजेता टिग्रान पेट्रोशियनच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. प्रतिस्पर्ध्याचा बेत आधीच हाणून पाडण्यात तो उस्ताद होता.

अर्थात, एक चाल खर्च झालीच. फेडोरोविचने लगेच मध्यावर हात घातला: ४... सी५ ५. डी५ उंट ए६. उंटाचा रोख सी४ च्या प्याद्यावर, आणि डी५ चा आधार तेच प्यादं! कास्पारोवचं उत्तर ६. वजीर सी२. सी४ राखलं, शिवाय ई४ ला बळ. मग डी५ वर प्याद्यांची मारामारी झाली आणि तिथे पांढरं प्यादं उरलं.

आता घाईने ई४ केलं तर काळा एफ१ वरचा उंट मारतो, राजाने तो परत मारला की कॅसलिंग गेलं. म्हणून अशा पटावर आधी जी३, उंट जी२, कॅसलिंग, ई४ नंतर. तोवर डी५ चं प्यादं काळ्याची सी६ आणि ई६ ही घरं अडवून बसतं. बी८ च्या घोड्याला चांगली जागाच मिळत नाही. डाव कास्पारोवने जिंकला.

पुढच्या ऑनलाइन डावात कडेचं प्यादं उचलाल, तेव्हा समोरच्याची नेमकी कोणती चाल थांबतेय ते पटावर बोट ठेवून दाखवता आलं, तर खुशाल खेळा. नाही आलं, तर घोडा बाहेर काढा.