कुठलाही पिक्सेल, तत्काळ

संगणकावरच्या खेळातली भिंत आधी नुसता सपाट चौकोन असते. त्यावर विटांचे चित्र चढवले की ती भिंत वाटू लागते. असे चित्र वळणदार पृष्ठभागावरही कसे चढवायचे, हे एडविन कॅटमल यांनी १९७४च्या प्रबंधात दाखवले. अशा चित्राला टेक्श्चर म्हणतात. २०४८ बाय २०४८ पिक्सेलांचे एक टेक्श्चर, पिक्सेलमागे चार बाइट धरले तर, १६ मेगाबाइट जागा घेते. १९९८च्या सुमारास अनेक ग्राफिक्स कार्डांची सगळी मेमरीच ८ ते १६ मेगाबाइट होती.

जागेइतकीच वाहतूकही अवघड. पडद्यावरचा एक ठिपका नीट रंगवायला टेक्श्चरमधले आठ पिक्सेल वाचावे लागतात. १९२० बाय १०८०चा पडदा सेकंदाला साठ वेळा भरायचा, तर एकाच थरासाठी जवळपास शंभर कोटी वाचने झाली. बरीचशी चिपवरच्या कॅशमधून भागतात. उरलेल्यांसाठी बाहेरच्या मेमरीकडे जावे लागते आणि तिथे वेळ जातो, वीजही जाते. मोबाइलमध्ये ही वीज थेट बॅटरीतून येते.

मग जेपेग का नाही वापरायचे? जेपेग उत्तम दाबते, पण प्रत्येक भागाला लागतील तितकेच बिट देते. त्यामुळे मधला एखादा पिक्सेल नेमका कुठे आहे, हे आधीचा मजकूर उलगडल्याशिवाय कळत नाही. ग्राफिक्स चिपला तर आत्ता डावा कोपरा हवा असतो, पुढच्या क्षणी मध्य. चाळीतल्या सगळ्या खोल्या एका मापाच्या असल्या, की सदतिसाव्या खोलीचे दार मोजून सांगता येते. एकेक दार उघडत जावे लागत नाही. टेक्श्चर दाबण्याच्या साऱ्या पद्धती या एका अटीतून जन्मल्या आहेत.

ही अट स्टॅनफर्डच्या अँड्र्यू बिअर्स, मनीष अग्रवाला आणि नवीन चड्ढा यांनी १९९६च्या निबंधात स्पष्ट मांडली. उलगडणे झटपट हवे, कुठूनही वाचता यायला हवे. दाबायला मात्र वेळ लागला तरी चालेल, कारण ते काम एकदाच होते. त्यांनी नमुन्यांचा कोश करून प्रत्येक तुकड्याला कोशातला क्रमांक दिला. सेगाच्या ड्रीमकास्टनेही हाच मार्ग घेतला. अडचण एकच: आधी क्रमांक वाचा, मग कोश वाचा.

एस३ कंपनीच्या एस३टीसीने कोशच काढून टाकला. तिचे मूळ डेल्प आणि मिचेल यांच्या १९७९च्या पद्धतीत आहे, पण मांडणी विलक्षण नेटकी. ४ बाय ४ पिक्सेलांची चौकट घ्यायची. तिच्यासाठी दोन टोकाचे रंग लिहायचे, प्रत्येकी १६ बिट. त्यातले हिरव्याला सहा, तांबड्या-निळ्याला पाच-पाच, कारण डोळा हिरव्याला अधिक संवेदनशील. मधले दोन रंग चिप स्वतः काढते, एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश अंतरावर. मग सोळा पिक्सेलांना प्रत्येकी दोन बिट, चारपैकी कोणता रंग ते सांगायला. एकूण ६४ बिट. मूळचे ३८४ होते. म्हणजे सहापट बचत. चौकटीचा क्रमांक आठाने गुणला की पत्ता मिळाला.

याची किंमतही मोजावी लागते. एका चौकटीत तांबडे फूल, हिरवे पान आणि निळे आकाश आले, तर तिघे एका सरळ रेषेवर बसत नाहीत आणि एकाचा बळी जातो. सुरुवातीच्या जीफोर्स कार्डांवर ‘क्वेक ३’च्या आकाशात पट्टे दिसत, कारण मधले रंगही ती चिप १६ बिटांच्याच अचूकतेने काढत असे. तरीही १९९८ साली मायक्रोसॉफ्टने डायरेक्टएक्स ६मध्ये ही पद्धत घेतली आणि ती सर्वमान्य झाली. मला हा निर्णय योग्यच वाटतो. नुसत्या बचतीत तिच्याहून सरस पद्धती होत्या. पत्ता इतक्या सहज देणारी नव्हती.

पेटंटने मात्र नुकसान केले. ऑक्टोबर १९९७चा अर्ज, मुदत २ ऑक्टोबर २०१७पर्यंत. तोवर लिनक्सच्या मुक्त ‘मेसा’ प्रकल्पाला ही साधी मांडणी आपल्या मूळ संचात ठेवता आली नाही. वापरणाऱ्यांना वेगळी लायब्ररी शोधून बसवावी लागे. मुदत संपली त्याच महिन्यात ती मेसात आली.

मोबाइलच्या जगात तोवर निरनिराळ्या वाटा फुटल्या होत्या. आयफोनच्या पॉवरव्हीआर चिपसाठी सायमन फेनी यांची पीव्हीआरटीसी; इतरांसाठी याकोब स्ट्रम आणि टोमास आकेनिने-मोलर यांची ईटीसी. रंगछटेपेक्षा उजेडातला फरक डोळ्याला लवकर कळतो, हे ईटीसीने ओळखले: अर्ध्या चौकटीला एक रंग, पिक्सेलागणिक फक्त उजेड कमीजास्त. पुढे ईटीसी२ने जुन्या मांडणीत निरर्थक ठरणाऱ्या बिट-जुळण्यांनाच नवा अर्थ दिला, त्यामुळे जुनी चित्रेही चालत राहिली. २०१२च्या ओपनजीएल ईएस ३.०ने ती सक्तीची केली.

माझ्या मते या साऱ्यात सर्वांत सुंदर रचना २०१२च्या एएसटीसीची, आर्म आणि एएमडीच्या अभियंत्यांनी केलेली. चौकट कायम १२८ बिटांची. तिच्यात किती पिक्सेल मावायचे ते चित्रकाराने ठरवायचे, ४ बाय ४पासून १२ बाय १२पर्यंत. म्हणजे पिक्सेलमागे ८ बिटांपासून एका बिटाहूनही कमी. बिट वाया जाऊ नयेत म्हणून तीन किंमतींचे पाच अंक आठ बिटांत बसवले आहेत: तीनचा पाचवा घात २४३, आणि आठ बिटांत २५६ मावतात. इतकी काटकसर करूनही पत्ता पूर्वीइतकाच सोपा.

डेस्कटॉपवर एक घराणे, मोबाइलवर दुसरे, ही फाळणी अजून मिटलेली नाही. २०१९ साली मुक्त झालेली ‘बेसिस युनिव्हर्सल’ मधली भाषा पुरवते. एकच फाइल पाठवायची, समोरची चिप जे जाणते त्यात तिचे रूपांतर तिथेच होते. २०२३मध्ये एनव्हीडियाच्या संशोधकांनी एका वस्तूची सगळी टेक्श्चर छोट्या न्यूरल जाळ्यात एकत्र दाबून दाखवली. तिथेही कुठलाही पिक्सेल थेट वाचता येण्याची अट त्यांनी सोडलेली नाही.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना एकच सांगणे आहे. एस३टीसीवर आता पेटंटचे बंधन नाही, आणि आर्मचा एएसटीसी एन्कोडर मूळ कोडसह खुला आहे. वर सांगितलेली ६४ बिटांची चौकट उलगडणारा प्रोग्राम स्वतः लिहून पाहा. त्यासाठी ग्राफिक्स कार्डाचीही गरज नाही.