स्तन काढल्यानंतरची देहप्रतिमा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

स्तनाच्या कर्करोगासाठी मास्टेक्टॉमी, म्हणजे स्तन काढण्याची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीला ‘जीव वाचला ना, मग बाकीचं काय घेऊन बसलीस’ हे हमखास ऐकावे लागते. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असला, तरी समजूत चुकीची आहे. छातीवरचा व्रण, काखेतला बधिरपणा, हातावरची सूज, नसलेल्या स्तनाच्या जागी जाणवणारी खाज किंवा वेदना हे सारे आंघोळ करताना, ब्लाउज घालताना रोज समोर येते. त्याचे दुःख होणे म्हणजे नटण्याची हौस नव्हे. ते उतारवयातल्या स्त्रीलाही होते.

पुनर्रचनेची शस्त्रक्रिया केली की सगळे पूर्ववत होते, असेही मानले जाते. तिने आकार मिळतो. स्पर्शाची जाणीव मात्र बहुधा पूर्ण परतत नाही. पुनर्रचनेमुळे कर्करोग उलटतो, ही भीतीही निराधार आहे. ब्रामध्ये बसवायचा सिलिकॉनचा कृत्रिम स्तन हा स्वस्त आणि सोपा पर्याय. यांपैकी काहीच न निवडणे हाही स्त्रीचा योग्य निर्णय असू शकतो.

सर्वांत खोल गैरसमज आत्मकरुणेविषयी, म्हणजे या दुःखात स्वतःकडे मायेने पाहण्याविषयी आहे. तिला स्वतःची कीव किंवा मनाचा दुबळेपणा समजले जाते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ साली तिची तीन अंगे मांडली: स्वतःशी मायेने वागणे, दुःख आपल्या एकटीच्याच वाट्याला आलेले नाही हे ओळखणे, आणि वेदना न दडपता, तिच्यात वाहूनही न जाता तिच्याकडे पाहणे. कीव ‘माझ्याच नशिबी का’ असे म्हणत माणसाला एकटे पाडते. करुणेचे दुसरे अंग नेमके त्याच्या उलट काम करते. ‘सकारात्मक राहा’ या आग्रहाशीही तिचा संबंध नाही, कारण तिच्यात रडायला पूर्ण मुभा आहे.

आत्मकरुणेने हा त्रास हलका होऊ शकतो, याला संशोधनाचा आधार आहे. ऑस्ट्रेलियातील केरी शर्मन आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या ३०४ स्त्रियांवरील चाचणी २०१८ साली प्रसिद्ध केली. बदललेल्या शरीरामुळे आलेला एखादा कटू अनुभव करुणेच्या दृष्टीने लिहून काढणाऱ्या स्त्रियांमध्ये, नुसत्या भावना लिहिणाऱ्यांच्या तुलनेत, देहाविषयीचा त्रास कमी आणि आपल्या शरीराविषयीचा आदर जास्त आढळला. लेखनाची बैठक एकच होती.

व्रण आरशात कधी पाहावा, जोडीदाराला कधी दाखवावा, याला मुदत नसते. पण झोप उडाली असेल, आंघोळ टाळली जात असेल किंवा घराबाहेर पडणे थांबले असेल, तर पुढच्या तपासणीत डॉक्टरांना ते स्पष्ट सांगावे आणि समुपदेशकाची भेट मागून घ्यावी.