मृत्युपत्रातून चर्चला देणगी

ख्रिस्ती व्यक्तीने मृत्युपत्र न करता डोळे मिटले, तर १९२५च्या भारतीय वारसा कायद्यानुसार एक तृतीयांश मालमत्ता पती वा पत्नीला आणि उरलेली मुलांना मिळते. चर्चसाठी काही ठेवायचे, तर मृत्युपत्रच हवे.

या वाटेत मोठी अडचण होती ती याच कायद्याच्या कलम ११८ची. पुतण्या, भाचा किंवा त्याहून जवळचा नातेवाईक असणाऱ्याने धार्मिक वा धर्मादाय कामाला मालमत्ता द्यायची, तर मृत्यूच्या किमान १२ महिने आधी मृत्युपत्र करून ते ६ महिन्यांत सरकारी अभिरक्षेत ठेवणे बंधनकारक होते. हिंदू, मुस्लिमांना ही अट नव्हती. केरळचे धर्मगुरू जॉन वल्लमट्टम यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००३मध्ये हे कलम समानतेच्या हक्काविरुद्ध ठरवून रद्द केले.

आता छत्रपती संभाजीनगरातील ख्रिस्ती व्यक्तीलाही स्वकष्टार्जित घर वा ठेव थेट चर्चच्या नावे लिहिता येते. दोन साक्षीदारांच्या सह्या अनिवार्य. नोंदणी ऐच्छिक, पण वाद टाळायचा तर केलेली बरी. मुद्रांक शुल्क लागत नाही. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये, कारण त्याला दिलेला वाटा रद्द होतो. सर्वांत जास्त घोळ नावात होतो. नुसते ‘आमच्या चर्चला’ असे न लिहिता सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेले पूर्ण नाव व नोंदणी क्रमांक द्यावा. मिळालेली जमीन पुढे विकायची झाल्यास न्यासाला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते.