प्रतिकृतीतील ‘बेतवा’ आणि तीनशे ग्रॅम शिसे

१८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय नौदलाच्या ‘बेतवा’ आणि ‘बियास’ या फ्रिगेट मुरगाव बंदराच्या तोंडाशी आल्या आणि त्यांनी ‘अफोन्सो द आल्बुकर्क’ या पोर्तुगीज युद्धनौकेवर आपल्या साडेचार इंची तोफांचा मारा केला. निकामी झालेली ती नौका अखेर बांबोळीच्या किनाऱ्याजवळ रुतली. गोमंतकीयांना ही हकिगत नव्याने सांगायला नको. मात्र त्या दिवशीची ‘बेतवा’ हुबेहूब घडवून, रेडिओद्वारे चालवून, पाण्यावर सोडायची झाल्यास काय करावे लागेल, हा प्रश्न वाटतो त्याहून गहन आहे. कपाटात ठेवायची प्रतिकृती केवळ पाहणाऱ्याच्या डोळ्यांना उतरली की पुरे. पाण्यात उतरणारीला पाण्याचीही परीक्षा द्यावी लागते, आणि या दोन परीक्षकांचे आपसात पटत नाही.

पहिला निर्णय तारखेचा. ‘बेतवा’ इंग्लंडमधील टाइन नदीकाठी बांधली गेली आणि १९६० साली नौदलात दाखल झाली. पुढील सेवाकाळात कोणतीही युद्धनौका बदलत जाते. अँटेना वाढतात, तोफा काढल्या जातात, रंगही पालटतो. म्हणून ‘बेतवा’ची प्रतिकृती असे म्हणून भागत नाही, १९६१ सालच्या डिसेंबरातली ‘बेतवा’ असे ठरवावे लागते. (आज नौदलात असलेली ‘बेतवा’ ही त्याच नावाची निराळी, नंतरची नौका आहे.) ती ब्रिटिशांच्या ‘लेपर्ड’ वर्गातील असल्याने ‘लेपर्ड’, ‘लिंक्स’, ‘प्यूमा’, ‘जॅग्वार’ या तिच्या भगिनींची छायाचित्रे उपयोगी पडतात. तथापि ती डोळे झाकून वापरू नयेत; सख्ख्या बहिणींच्या चेहऱ्यांतही फरक असतोच.

यानंतर येते प्रमाण, आणि खरा पेच येथेच सुरू होतो. मूळ नौकेची लांबी सुमारे १०३.६ मीटर, रुंदी सुमारे १२.२ मीटर आणि पूर्ण भारासह विस्थापन सुमारे २,५०० टन. छंदात रुळलेले १:९६ हे प्रमाण घेतले तर प्रतिकृती १०८ सेंटीमीटर लांब आणि पावणेतेरा सेंटीमीटर रुंद होते. वजनाचे काय? नवखा माणूस २,५०० टनांना ९६ ने भागतो आणि सव्वीस टनांचे खेळणे पाहून चक्रावतो. वजन घनफळाबरोबर घटते, म्हणून ९६ ने तीनदा भागायला हवे. ९६ चा घन आठ लाख चौऱ्याऐंशी हजारांवर जातो आणि उत्तर येते सुमारे २.८ किलो. प्रमाण १:४८ केले, म्हणजे लांबी दुप्पट केली, तर हेच वजन आठपट, साडेबावीस किलोंच्या आसपास जाते आणि नौका तळ्यावर न्यायला दोन माणसे व एक टेम्पो लागतो.

हे २.८ किलो म्हणजे प्रतिकृतीचे अंदाजपत्रक. वजन याहून कमी भरले तर नौका पाण्यावर उंच तरंगते आणि जलरेषेचा रंगीत पट्टा उघडा पडतो. जास्त भरले तर ती बुडाल्यासारखी दिसते. सुखा, डेक आणि वरचे बांधकाम, मोटारी, पंखे, बॅटरी, रेडिओ, रंग, शेवटची रेलिंगची तार, सारे याच रकमेत बसवायचे. साधारण वाटप असे धरता येईल : काचतंतूचे कवच ६५० ग्रॅम, डेक व वरचे बांधकाम ४५०, मोटारी-दांडे-पंखे ४५०, रेडिओ व वायरिंग २००, बॅटरी ७५०. बेरीज अडीच किलो होते. उरलेले ३०० ग्रॅम तळाशी शिशाच्या रूपाने ठेवायचे असतात, आणि नौका उभी राहणार की आडवी होणार हे पुष्कळदा त्यांवरच ठरते.

कवच करण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. एकीत आडव्या छेदांप्रमाणे प्लायवूडचे सांगाडे उभारून त्यांवर पातळ पट्ट्या चिकटवतात. दुसरीत लाकडाचा भरीव नमुना घासून, त्याचा साचा काढून, साच्यात काचतंतूचे कापड व रेझिन बसवतात. गोव्यात मासेमारीच्या होड्यांमुळे फायबरचे काम जाणणारे हात अनोळखी नाहीत, म्हणून दुसरी पद्धत येथे सोयीची. केवळ ऋतू पाहावा. पावसाळ्याच्या दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर धरतो. तो धुऊन, घासून काढला नाही तर त्यावरचा रंग पापुद्र्यासारखा सुटतो. लाकडी सांगाडाही आतून रेझिनने बंद करावा, अन्यथा ओलाव्याने तो फुगतो.

डेकवरचे काम हा छंदाचा आनंदाचा भाग, आणि सर्व दुखणीही तेथेच. साडेचार इंची तोफेच्या नळीचा अंतर्व्यास ११४ मिलिमीटर. प्रतिकृतीत तो जेमतेम १.२ मिलिमीटर होतो. कमरेएवढे रेलिंग ११ मिलिमीटर, उभा खलाशी १८ मिलिमीटर. तोफांच्या दोन जोड्या, एक पुढे आणि एक मागे, प्लास्टिकच्या पत्र्यातून घडवता येतात. आता त्रिमितीय मुद्रणही हाताशी आहे. पण ‘बेतवा’चे खरे वैशिष्ट्य तिच्या जाळीदार डोलकाठ्यांत आहे. ही डिझेलवर चालणारी नौका असल्याने तिला नेहमीचे धुराडे नव्हते. धुराच्या नळ्या डोलकाठ्यांच्या जाळीतूनच वर नेलेल्या होत्या. बारीक पितळी तारेचे तुकडे एकमेकांना डाख देऊन ही जाळी उभी करावी लागते. एका सांध्याला डाख देताना शेजारचा सुटतो, म्हणून ओल्या कापसाचे बोळे लावून शेजारचे सांधे थंड ठेवतात. सोनारकाम पाहिलेल्या माणसाला हे शिकवावे लागत नाही.

आता पाणी हरकत घेते. डोलकाठी सर्वांत उंच. तिच्यातील दहा ग्रॅम जास्तीचे पितळ गुरुत्वमध्य जितका वर नेते, तितका तो खाली आणायला तळाशी त्याच्या कित्येक पट शिसे लागते, आणि शिल्लक तर तीनशेच ग्रॅम आहेत. वरचे वजन किती महाग पडते याची साक्ष स्वीडनच्या ‘व्हासा’ या युद्धनौकेने दिली. १० ऑगस्ट १६२८ रोजी, पहिल्याच सफरीत, स्टॉकहोमच्या बंदरातच एका झोताने ती कलंडली आणि बुडाली. म्हणून उंचावरचे भाग पोकळ नळीचे करावेत आणि प्रत्येक भाग बसवण्यापूर्वी काट्यावर तोलावा. स्वयंपाकघरातील एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा पुरेसा आहे. वहीत त्याची नोंद ठेवणे कंटाळवाणे खरे, पण जो ठेवत नाही त्याची नौका प्रदर्शनात बक्षीस मिळवते आणि तळ्यात तळ दाखवते, असे माझे स्पष्ट मत आहे.

चाचणीसाठी मोठा टब हवा असे नाही. चार फळ्यांच्या चौकटीत ताडपत्री अंथरून गच्चीवर पाणी भरले की झाले. नौका ठरल्या जलरेषेवर तरंगू लागली की ५० ग्रॅमचे वजन डेकच्या मध्यरेषेवर ठेवावे, मग ते पाच सेंटीमीटर बाजूला सरकवावे आणि नौका किती अंश कलते ते ओळंब्याने मोजावे. कल चार अंशांच्या आसपास असेल तर स्थैर्याचे माप, ज्याला नौकाशास्त्रात आप्लवकेंद्राची उंची म्हणतात, ते सव्वा सेंटीमीटरच्या घरात येते. नौका निर्धास्त पाण्यात सोडावी. कल दहा अंशांवर गेला तर ते माप अर्ध्या सेंटीमीटरवर उतरले, असे समजावे. मग शिसे आणखी खाली बसवा किंवा डोलकाठी पुन्हा हलकी करा. खऱ्या जहाजांची कलचाचणी याच सूत्राने घेतात.

बॅटरीच्या बाबतीत येथे उलटा न्याय लागू पडतो. विमानाच्या प्रतिकृतीत जड बॅटरी हा दोष. नौकेत जुन्या पद्धतीची सहा व्होल्टची शिशाची बंद बॅटरी तळाशी बसवली की ती ऊर्जा देते आणि तळभारही होते. मोटारी दोन, पंखे दोन, कारण मूळ नौकेलाही दोन दांडे होते. दांड्याच्या नळीत ग्रीस भरले नाही तर पाणी तिच्यातून हळूहळू आत येते. रेडिओचे तंत्र आता सोपे झाले आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यातून जात नाहीत, एवढे ध्यानात ठेवून ग्राहकाची अँटेना जलरेषेच्या वर बसवावी, आणि संदेश तुटल्यास मोटारी आपोआप थांबतील अशी मांडणी आधीच करून ठेवावी.

वेगाचा हिशेब मात्र बहुतेकांचा चुकतो. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने १८७० च्या दशकात टॉर्की येथील पाण्याच्या टाकीत मेणाच्या प्रतिकृती ओढून दाखवून दिले, की लाटांचा आकार जुळायचा असेल तर वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटवावा लागतो. ९६ चे वर्गमूळ ९.८. मूळ नौकेचा सुमारे २५ नॉटचा वेग प्रतिकृतीत सेकंदाला १.३ मीटर होतो; काठावरून झपझप चालणाऱ्या माणसाइतकाच. त्याहून वेगाने धावणारी प्रतिकृती कितीही सुबक असली तरी खेळणेच दिसते. हाच नियम वाऱ्यालाही लागू आहे. ताशी दहा किलोमीटरची झुळूक या नौकेला ताशी ९८ किलोमीटरच्या वादळासारखी भासते. मूळ नौकेला एका हेलकाव्यास दहा सेकंद लागत असतील, तर प्रतिकृती तो एका सेकंदात आटोपते. या घाईवर काही इलाज नाही. केवळ वजन मध्यरेषेपासून थोडे दूर, दोन्ही कडांकडे वाटल्यास हेलकावे किंचित संथ होतात.

म्हणून मये तलावासारखे गोडे, निवांत पाणी आणि वारा उठण्यापूर्वीची सकाळ हीच या नौकेची वेळ. खाडीत उतरवायची हौस असेल तर दोन गोष्टी पाहाव्यात. खारे पाणी सुमारे अडीच टक्के जड असल्याने नौका तेथे थोडी उंच तरंगते, त्यासाठी सत्तरएक ग्रॅमचे सुटे शिसे जवळ ठेवावे. आणि परतल्यावर पंखे, सुकाणू व दांडे गोड्या पाण्याने धुऊन, डेकचे झाकण काढून कवच रात्रभर उघडे ठेवावे.