उघड्यावरचा गुरुमंत्र

गुरूने कानात सांगितलेला मंत्र दुसऱ्याला कळला की त्याचं सामर्थ्य जातं, असं अनेकजण ठामपणे मानतात. तांत्रिक उपासनेत मंत्र गुप्त ठेवण्याचा नियम आहेही. पण तो सगळ्याच संप्रदायांचा नाही, आणि वारकऱ्यांचा तर मुळीच नाही.

तुकोबांना बाबाजी चैतन्यांचा उपदेश स्वप्नात झाला. ती हकीकत त्यांनीच अभंगात सांगून ठेवली आहे. गंगास्नानाला जाताना वाटेत भेट झाली, गुरूंनी मस्तकावर हात ठेवला, जेवायला पावशेर तूप मागितलं आणि ते द्यायचं स्वप्नातच राहून गेलं. त्या तुपाची चुटपुट मला फार खरी वाटते. राघव चैतन्य, केशव चैतन्य ही परंपरा, माघ शुद्ध दशमी ही तिथी, गुरुवार हा वार, सगळं त्यांनी नोंदवलं. मंत्रही लपवला नाही: रामकृष्णहरी. आज तो कीर्तनात टाळमृदंगावर घुमतो आणि वारीत अनोळखी माणूसही भेटताच तोच म्हणतो. वारकरी होताना महत्त्व गळ्यातल्या तुळशीच्या माळेला आणि तिच्याबरोबर येणाऱ्या एकादशी-वारीच्या नेमाला.

गुरुपरंपरा म्हणजे उच्च कुळाची वंशावळ, हाही असाच गैरसमज. संत बहिणाबाई ब्राह्मण घरातल्या. कोल्हापुरात असताना त्यांना तुकोबांचा स्वप्नोपदेश झाला. शूद्राला गुरू केलं म्हणून नवऱ्याने छळ केला, तरी त्या मागे हटल्या नाहीत. पुढे देहूला जाऊन तुकोबांचं दर्शन घेतलं. त्यांनी आपली परंपरा सांगितली ती थेट आदिनाथापासून: मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती, ज्ञानेश्वर, पुढे सच्चिदानंदबाबा, विश्वंभर, राघव, केशव, बाबाजी आणि तुकाराम. या माळेत नाथपंथी योगी आहेत, थोरल्या भावाला गुरू मानणारे ज्ञानेश्वर आहेत आणि देहूचा कुणबी वाणीही आहे. रक्ताचं नातं इथे अपवादानेच सापडतं.

राहिला चमत्कार. करामती दाखवतो तो मोठा गुरू, हे समर्थ रामदासांना मान्य नव्हतं. दासबोधाच्या पाचव्या दशकातल्या ‘गुरुलक्षण’ समासात अशांना गुरू म्हणतात खरं, पण ते सद्गुरू नव्हेत, असं ते स्पष्ट सांगतात. आणि जो शिष्याला साधनेला लावत नाही, इंद्रियं आवरायला शिकवत नाही, तो त्यांच्या लेखी कवडीमोल: भेटला तरी सोडून द्यावा असा.